संदर्भ उघडून पाहा

पीएच.डी.चा प्रबंध जमा करायची वेळ आली की विद्यार्थी आणि गाइड या दोघांच्या तोंडी एकच प्रश्न असतो : टक्के किती आले? संगणकाने काढलेल्या साम्याच्या अहवालात आकडा दहाच्या आत असला की दोघांचाही जीव भांड्यात पडतो. या आकड्यामागे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे नियम आहेत. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य माफ. दहा ते चाळीस टक्के असेल तर ठरलेल्या मुदतीत, म्हणजे सहा महिन्यांच्या आत, प्रबंध सुधारून द्यायचा. चाळीस ते साठ असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध सादर करता येत नाही आणि साठच्या वर गेले की नोंदणीच रद्द. २०१९मध्ये 'शोधशुद्धी' योजनेतून साम्य शोधणारी प्रणाली विद्यापीठांना पुरवली गेली आणि उचलेगिरीला थोडा धाक बसला, हे मान्य करायलाच हवे. पण याच नियमांत अशीही तरतूद आहे की साम्य मोजण्याआधी संदर्भ, ग्रंथसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश बाजूला काढावेत. मोजणीपुरते ते योग्यच आहे, कारण एकाच पुस्तकाचे नाव शंभर प्रबंधांच्या सूचीत तसेच्या तसे येणार. अडचण पुढे होते. हा अहवाल हाती आला की प्रबंध तपासून झाला असे सगळे धरून चालतात, आणि ज्या पानांवर प्रबंधाचा सगळा भार असतो ती संदर्भांची पाने कोणी उघडत नाही. संशोधकाने शब्द चोरले का, हे आपण विचारतो. त्याने ज्या ग्रंथाचे नाव आणि पृष्ठ दिले आहे तिथे तो म्हणतो ते खरोखर छापलेले आहे का, हे विचारत नाही. मला हा दुसरा प्रश्न पहिल्याहून मोठा वाटतो आणि तो विचारण्याची सक्ती व्हायला हवी, असे माझे म्हणणे आहे.

संदर्भ न उघडता पुढे ढकलला की काय होते, याचे सर्वांत विदारक उदाहरण वैद्यकातले आहे. जानेवारी १९८०मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या पत्रव्यवहाराच्या सदरात जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचे अवघ्या पाच वाक्यांचे पत्र छापून आले. रुग्णालयात दाखल असताना अफूच्या वर्गातली वेदनाशामके मिळालेल्या ११,८८२ रुग्णांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या होत्या आणि आधी व्यसनाचा इतिहास नसलेल्यांपैकी चारच जणांना व्यसन जडल्याची खात्रीलायक नोंद सापडली होती. पत्रात इतकेच होते. हे रुग्ण डॉक्टर-परिचारिकांच्या नजरेखाली होते. घरी जाऊन महिनोन् महिने गोळ्या घेणाऱ्यांचे काय होते, याबद्दल पत्र काहीच सांगत नव्हते. तरी पुढच्या काळात, विशेषतः १९९६मध्ये ऑक्सिकॉन्टिन हे औषध बाजारात आल्यानंतर, या पाच वाक्यांचा हवाला देऊन ही औषधे दीर्घकाळ दिली तरी व्यसन क्वचितच लागते असे ठासून सांगितले जाऊ लागले. कॅनडातल्या संशोधकांनी २०१७ साली त्याचा माग काढला. या पत्राचा संदर्भ देणारी ६०८ लिखाणे त्यांना मिळाली. त्यांतल्या ४३९ लिखाणांनी, म्हणजे ७२ टक्क्यांनी, व्यसन दुर्मीळ असल्याचा पुरावा म्हणून ते वापरले होते आणि रुग्ण रुग्णालयात दाखल होते ही साधी गोष्टही ८१ टक्क्यांनी सांगितली नव्हती. अमेरिकेत या औषधांच्या व्यसनाने केवढा संहार केला, हे आता जगाला ठाऊक आहे. त्याची कारणे अनेक आहेत आणि औषध कंपन्यांचा लोभ त्यांत मोठा आहे. पण त्या लोभाला विद्वत्तेचा शिक्का मिळाला तो संदर्भांतून. पत्राच्या ऑनलाइन प्रतीला आता संपादकांनी सावधगिरीची सूचना जोडली आहे, मूळ पत्रानंतर ३७ वर्षांनी. यातला एकही संदर्भ साम्याच्या तपासणीत अडकला नसता. प्रत्येकाचे शब्द स्वतःचे होते.

हे वैद्यकापुरते आहे असे कोणी समजू नये. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मिखाइल सिमकिन आणि वाणी रॉयचौधरी या दोघांनी २००३च्या सुमारास संदर्भांमधल्या छपाईच्या चुका मोजल्या. भौतिकशास्त्रातल्या एका गाजलेल्या निबंधाचा उल्लेख सुमारे ४,३०० ठिकाणी झाला होता आणि त्यांपैकी १९६ ठिकाणी खंड, पान किंवा वर्ष चुकले होते. चूक होणे साहजिक आहे, पण १९६ जणांनी आपापली चूक केली असती तर चुकाही तितक्याच तऱ्हेच्या दिसल्या असत्या. प्रत्यक्षात वेगवेगळ्या चुका ४५च होत्या आणि त्यांतली एक ७८ वेळा जशीच्या तशी आली होती. म्हणजे मूळ निबंध हातात न घेता लोक एकमेकांच्या सूचीतून ओळ उतरवून घेत होते. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला, की संदर्भ देणाऱ्यांपैकी साधारण पाचातल्या एकानेच मूळ वाचलेले असते. अंदाजाच्या नेमकेपणावर वाद घालता येईल. प्रवृत्ती मात्र नाकारता येणार नाही, आणि ती परीक्षकांपासून लपते कशी तेही यातून कळते : उतरवून घेतलेला संदर्भ वाचून दिलेल्या संदर्भाइतकाच नीटनेटका दिसतो. आता तर उतरवून घेण्याचेही कष्ट उरलेले नाहीत. चॅटबॉटला संदर्भ मागितले की तो लेखकाचे नाव, वर्ष, नियतकालिक, पृष्ठे अशी सगळी जुळणी करून देतो आणि त्यांतला एखादा निबंध कधी लिहिलाच गेलेला नसतो. जून २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने दोन वकिलांना आणि त्यांच्या फर्मला पाच हजार डॉलरचा दंड केला, तो अशाच अस्तित्वात नसलेल्या निवाड्यांचे दाखले दिल्याबद्दल. तिथे ती लबाडी उघडी पडली, कारण समोरच्या पक्षाने आणि न्यायाधीशांनी ते निवाडे शोधून पाहिले. आपल्या व्हायवात समोरचा पक्ष कोण असतो?

मराठीतून किंवा मराठी साधनांवर होणाऱ्या संशोधनात हा प्रश्न अधिकच कठीण होतो. फुल्यांच्या 'गुलामगिरी'चे उदाहरण घ्या. पुस्तक १८७३चे. आज विद्यार्थी ते वाचतो 'महात्मा फुले समग्र वाङ्मया'त. त्याची पहिली आवृत्ती धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केली, १९६९ साली. पुढे य. दि. फडके यांनी सुधारून सिद्ध केलेली आवृत्ती १९९१ची. दोन्हींची पाने जुळत नाहीत. प्रबंधात नुसते 'फुले, समग्र वाङ्मय, पृ. अमुक' असे लिहिले तर वाचकाने कोणती प्रत उघडायची? त्यातून लेखक आणि वर्ष कंसात देण्याची पद्धत आता सक्तीची झाल्यामुळे 'फुले १९९१' असे सर्रास दिसते. १८९० साली निवर्तलेला माणूस १९९१ साली लिहितो आहे आणि त्याच परिच्छेदात 'आगरकर १९८४' त्याच्या आधी येतात, अशी उलटापालट होते. विचारांचा कालक्रम हाच ज्या प्रबंधाचा विषय असतो तिथेही ती खपून जाते. ज्या अमेरिकी एपीए पद्धतीच्या नावाखाली हे चालते, त्या पद्धतीत मूळ प्रकाशनाचे वर्ष आधी आणि हाती असलेल्या आवृत्तीचे नंतर, '१८७३/१९९१' असे द्यायची सोय आहे. ती वापरण्यासाठी मूळ वर्ष शोधावे लागते, एवढेच. तुकोबांच्या अभंगांचीही तीच कथा. १८७३मध्ये पूर्ण झालेली इंदुप्रकाश छापखान्याची गाथा वेगळी, जोगमहाराजांची सार्थ गाथा वेगळी, निरनिराळ्या फडांवर चालणाऱ्या गाथा आणखी वेगळ्या. अभंगांची संख्या एक नाही, क्रमही एक नाही. 'तुकाराम, अभंग क्र. ३२१' या संदर्भाला गाथेच्या नावावाचून काहीही अर्थ नाही. जुन्या ग्रंथांच्या मुखपृष्ठावर अनेकदा शालिवाहन शक असतो. त्यात ७८ मिळवले की इसवी सन आला असे मानून विद्यार्थी मोकळा होतो, पण शके १८१०च्या पौष-माघातले नियतकालिक १८८९चे असू शकते. दोन लेखकांपैकी कोणी कोणाला उत्तर दिले असा वाद असतो, तेव्हा हे काही महिने निर्णायक ठरतात.

साधने सापडत नाहीत, ही दुसरी नेहमीची तक्रार. तिच्यात तथ्य आहे, पण साधने शोधायची रीतच कोर्सवर्कमध्ये धड शिकवली जात नाही, हेही तितकेच खरे आहे. गूगल स्कॉलरवर देवनागरीत विषय टाकून दोन पाने चाळली आणि फारसे काही मिळाले नाही, की 'या विषयावर संशोधन झालेले नाही' असे वाक्य सिनॉप्सिसमध्ये येते. मराठीतले बरेचसे लिखाण यंत्राला वाचताच येत नाही. जुने ग्रंथ स्कॅन झाले आहेत ते पानांच्या चित्रांच्या रूपात. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने चढवलेल्या हजारो पुस्तकांची नावे रोमन लिपीत वेडीवाकडी नोंदलेली आहेत. 'फडके' हे आडनाव रोमनमध्ये तीन तऱ्हांनी लिहिले जाते आणि त्या तिन्ही तऱ्हांनी शोधावे लागते. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला प्रबंध पडद्यावर मराठी दिसला तरी संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची विसंगत माळ असते, त्यामुळे तो शोधात सापडत नाही आणि साम्याच्या तपासणीतही पकडला जात नाही. मराठी प्रबंधाचा तीन टक्क्यांचा अहवाल म्हणूनच मला फारसे काही सांगत नाही. उलट ज्यांनी आधीच वाट करून ठेवली आहे त्यांच्याकडे आपण पाठ फिरवली आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची एकहाती म्हणावी अशा कष्टांनी तयार केली आणि पुढे ती १९५०पर्यंत आणली. दाते, काळे आणि बर्वे यांची मराठी नियतकालिकांची सूची मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने काढली आणि तिच्यात दीडशे वर्षांच्या नियतकालिकांमधले लेख विषयवार नोंदलेले आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या शिक्षणावर, विधवाविवाहावर, शेतीवर काम करणारा ही सूची आठवडाभर समोर घेऊन बसला तर वर्षभराच्या गूगलशोधात मिळणार नाहीत असे लेख हाती येतील. त्यासोबत विश्वकोशाच्या नोंदींखाली दिलेले संदर्भ, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने संकेतस्थळावर मोफत ठेवलेली पुस्तके, 'शोधगंगा'वरचे आधीचे प्रबंध आणि त्या प्रबंधांच्या तळटीपा पाहाव्यात. एका चांगल्या तळटीपेवरून मागे मागे जात राहणे हा अजूनही साधन शोधण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे, आणि तो मार्ग चालू राहतो तो प्रत्येकाने आपली तळटीप खरी ठेवली तरच.

ही शिस्त परकी आहे, पाश्चात्त्य विद्यापीठांनी लादलेली आहे, असे काही विद्वान अध्यापकही म्हणतात. त्यांनी पुण्यात भांडारकर संस्थेत जाऊन महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कोणतेही पान उघडावे. १९१९मध्ये हाती घेतलेले हे काम १९६६मध्ये पुरे झाले. १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली. पानाच्या वरच्या भागात संपादकांनी स्वीकारलेला श्लोक आहे आणि खाली, बारीक टाइपात, त्या श्लोकातला प्रत्येक शब्द कोणत्या पोथीत कसा आहे त्याची नोंद. काश्मीरची शारदा लिपीतली पोथी काय म्हणते, मल्याळम लिपीतली काय म्हणते, बंगालची काय म्हणते, सगळे संकेताक्षरांनी मांडलेले आहे. विष्णु सीताराम सुखटणकरांनी घालून दिलेल्या या पद्धतीचा अर्थ स्पष्ट आहे : मी हा पाठ निवडला, माझी निवड चुकली असे वाटत असेल तर ती ओलांडायला लागणारी सगळी सामग्री याच पानावर ठेवली आहे. कित्येक पानांवर वरच्या मजकुरापेक्षा खालच्या नोंदींनीच अधिक जागा घेतली आहे. पन्नास वर्षे अशी पाने काढणाऱ्या शहरात आज संदर्भसूची हा प्रबंधाच्या शेवटी, सबमिशनच्या आदल्या रात्री, टायपिस्टकडे बसून पुरा करायचा भाग व्हावा, याचे मला फार वाईट वाटते.

यावर पहिला आक्षेप येतो तो परीक्षकांकडून. तीनशे पानांचा प्रबंध, चारशे संदर्भ, हातात अपुरा वेळ आणि तुटपुंजे मानधन. सगळे संदर्भ तपासायचे कोणी? सगळे तपासा असे मी म्हणत नाही. दहा तपासा. प्रबंधातली मुख्य विधाने ज्यांच्यावर उभी आहेत असे दहा संदर्भ परीक्षकांनी निवडावेत आणि व्हायवाच्या आठ दिवस आधी विद्यार्थ्याला कळवावेत. त्याने त्या पुस्तकांचे मुखपृष्ठ, मुद्रणाचे पान आणि उल्लेख केलेले पान, अशी छायाचित्रे घेऊन यावे. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि ज्याने मूळ पाहिले आहे त्याच्याकडे ही पाने बहुधा आधीच असतात. एका संदर्भाला तीन मिनिटे धरली तरी काम अर्ध्या तासाचे. प्रबंधासाठी किमान दोन बाह्य परीक्षक नेमायचे हा नियम आहेच, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला पाच संदर्भ येतील. दहांतले तीन मूळ पानाशी जुळले नाहीत तर बाकीच्यांबद्दल काय समजायचे, हे कोणत्याही परीक्षकाला कळेल. शिवाय आपले कोणतेही दहा संदर्भ उघडले जाणार आहेत, ही जाणीव पहिल्या वर्षापासून असलेला विद्यार्थी टिपणे वेगळ्या काळजीने काढील. मला या उपायाचा खरा लाभ तिथे दिसतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला हलके लेखता येणार नाही. गडचिरोली, नंदुरबार किंवा हिंगोलीच्या महाविद्यालयात नोकरी सांभाळून संशोधन करणाऱ्याने दादरच्या ग्रंथसंग्रहालयात किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात किती वेळा यायचे? जाण्या-येण्याचा खर्च, रजा, राहण्याची सोय नाही. शहरातल्या, सुस्थितीतल्या संशोधकाला फायदा होईल असा हा नियम ठरेल, असे म्हणणारे चुकत नाहीत. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४मध्ये 'एक देश एक सदस्यत्व' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशक आणि सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी संस्थांना खुली. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला तिचा मोठा आधार आहे. मराठी नियतकालिकांचे जुने अंक मात्र त्या तीस प्रकाशकांकडे नाहीत. ते दादर, ठाणे, पुणे, वाई, कोल्हापूर इथल्या ग्रंथालयांच्या कपाटांत आहेत आणि त्यांचे कागद हात लावताच तुटताहेत. राज्य सरकारने त्या रकमेच्या अगदी लहानशा हिश्श्याइतका पैसा या अंकांच्या शोधसुलभ प्रती करण्यावर लावला पाहिजे, आणि विद्यापीठांनी दूरच्या संशोधकांसाठी ग्रंथालयभेटीचा खर्च दिला पाहिजे. ते होईपर्यंत काय? तोवर प्रामाणिकपणाचा एक सोपा मार्ग उपलब्ध आहे. मूळ 'विविधज्ञानविस्तार' पाहायला मिळाला नाही आणि त्यातला उतारा दुसऱ्या कोणाच्या पुस्तकात वाचला, तर तसे लिहावे : अमुक लेख, अमुक पुस्तकात उद्धृत, अमुक पृष्ठ. असे लिहिण्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो मूळ पाहिल्याचा आव आणण्यात. आणि परीक्षकांनीही 'उद्धृत' हा शब्द दिसला की गुण कापण्याची सवय सोडली पाहिजे, कारण त्या सवयीनेच विद्यार्थी मधला ग्रंथ लपवायला शिकतो.

लोकसाहित्य आणि मौखिक इतिहासाचे अभ्यासक विचारतील, की जिथे ग्रंथच नाही तिथे उघडायचे काय? त्यांच्यासमोर उत्तम नमुना आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव जाऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून अधिक, हजाराहून अधिक गावांतून. ती ओवी कोणी गायली, ती बाई कोणत्या गावची, हे नोंदलेले आहे आणि हजारो ओव्यांचे ध्वनिमुद्रणही आहे. 'एका वृद्ध महिलेने सांगितले' असे लिहून पुढे जाणाऱ्या प्रबंधांनी त्याच्याशी स्वतःला ताडून पाहावे. बोलणाऱ्याचे नाव देणे धोक्याचे असेल तर ते झाकता येते, पण मुलाखत कुठे आणि केव्हा झाली आणि तिची ध्वनिफीत कुठे ठेवली आहे, हे परीक्षकाला सांगता आलेच पाहिजे. स्वल्पविराम कुठे द्यायचा आणि पुस्तकाचे नाव तिरपे छापायचे की ठळक, या वादात मी शिरत नाही. विद्यापीठाने कोणतीही एक पद्धत ठरवावी आणि झोटेरोसारख्या मोफत प्रणालीवर ती विद्यार्थ्यांना शिकवावी. व्हायवात पंधरा मिनिटे विरामचिन्हांवर जातात आणि संदर्भातल्या मजकुरावर एकही जात नाही, हे थांबले तरी पुष्कळ झाले.

नियतकालिकांच्या दर्जाची यादी ठेवण्याचे काम आयोगाने फेब्रुवारी २०२५मध्ये थांबवले आणि चांगले-वाईट ठरवण्याची जबाबदारी विद्यापीठांवर टाकली. म्हणजे यादीत नाव आहे की नाही एवढे पाहून निबंध स्वीकारण्याचा आधारही गेला. आता निबंध वाचावा लागेल, आणि त्याने दिलेले आधार उघडावे लागतील. हे करायला कोणत्याही नव्या शासन निर्णयाची गरज नाही. प्रत्येक विद्यापीठाची संशोधन व मान्यता समिती, म्हणजे आपली आरआरसी, एका बैठकीत दहा संदर्भांचा नियम करू शकते. एकाही समितीने तो केला नाही तरी बाह्य परीक्षक म्हणून जाणाऱ्या प्राध्यापकाला कोणी अडवलेले नाही. पुढचा प्रबंध तुमच्याकडे तपासायला येईल तेव्हा साम्याचा अहवाल बाजूला ठेवा, संदर्भसूचीतली दहा नावे निवडा आणि विद्यार्थ्याला ती पाने घेऊन यायला सांगा.